नाळेवरचं तेल

ता. ४, मंगळवार

बाळ घरी आलं. मुलगी आहे. वजन बेताचंच, पण आवाज असा की खालच्या दुकानातून इस्त्रीवाली धावत जिना चढून आली. म्हटलं, काही झालेलं नाही, बाईसाहेबांना भूक लागलीय. तेव्हापासून तिचं नाव बाईसाहेब. खरं नाव कुणी ठेवेल तेव्हा ठेवेल.

सून गेली. बाळंतपणात रक्त थांबलं नाही, शनिवारी सकाळी गेली. हे एकदाच लिहून टाकते. यापुढे तिच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही असं ठरवलंय. घरात कुणीतरी उभं राहायला हवं. मीच रडत बसले तर दुधाच्या बाटल्या उकळायच्या कुणी?

हॉस्पिटलमधून निघताना सिस्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आजी, नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही. तेल नाही, पावडर नाही, घरगुती औषध नाही. कोरडी ठेवायची, हवा लागू द्यायची, लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा. आपोआप सुकून पडेल." मी म्हटलं, "बाई गं, कोरडं ठेवायला मला शिकवतेस? ड्रायक्लीनिंगच्या दुकानात केस पांढरे झाले माझे." ती हसली नाही. मीही उगाच बोलले.

दारात मी मुलाला म्हटलं, जिना चढेपर्यंत घे बाळाला. "हाताला ग्रीस आहे आई," म्हणाला आणि पिशव्या घेऊन पुढे गेला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्याच्या हाताला ग्रीस असतंच. पण शनिवारपासून तो कामावर गेलेलाच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.


ता. ५, बुधवार

विहीणबाई आल्या. सुनेची आई. शाळांचे गणवेश शिवतात, त्यामुळे कुठेही गेल्या तरी शिवणाची टोपली सोबत. आल्या आल्या टोपलीतून लेकीचे जुने सुती कपडे काढले आणि त्यांचे लंगोट शिवायला बसल्या. कात्री अगदी सरळ चालत होती. मला कौतुक वाटलं आणि जरा रागही आला.

संध्याकाळी खटका उडालाच. मी बाटली धुऊन येते तो काय, बाईंनी बाळाचं पोट उघडं टाकलेलं आणि कोमट तेलात बुडवलेलं बोट नाळेवर.

"अहो, काय करताय? सिस्टरने बजावून सांगितलंय!"

"माझ्या दोन्ही मुलांना हेच लावलं होतं. तेलाने मऊ राहते. ओढ बसत नाही, तुटत नाही."

"तुटायलाच हवी आहे ना ती!"

"तुटेल हो. एवढी घाई काय आहे?"

मुलगा दाराशी उभा होता. "काय म्हणालात? तेल लावलं की तुटत नाही?" त्याने विचारलं. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. पुरुषांना नको तिथे चौकशा सुचतात. मी त्याला म्हटलं, तू जेवून घे.

तेल पुसून काढलं आणि बाटली माझ्या कपाटात कुलपात घातली. विहीणबाई भांडल्या नाहीत. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं माघार घेतल्यासारखं दाखवतात आणि मनात हिशेब ठेवतात.


ता. ७, शुक्रवार

रात्रभर जागरण, दिवसभर धावपळ. डब्याचं दूध तीन वेळा बदललं, तेव्हा एक बाईसाहेबांना पसंत पडलं. आमच्या दुकानातल्या सगळ्यात खडूस गिऱ्हाइकालाही हिने मागे टाकलंय.

मुलगा आज कामावर गेला. संध्याकाळी आला आणि बूट काढायच्या आधी दारातूनच विचारलं, "पडली का?" मी म्हटलं नाही अजून. "बरं," म्हणाला. मग हातपाय धुतले आणि पोटभर जेवला. आठवडाभरात तो पहिल्यांदाच नीट जेवला. एकदाची पडून जावी, बाळाची ती नाजूक जागा मोकळी व्हावी, अशी बापाला काळजी असणारच.

पण बाळाला अजून हात लावलेला नाही. मी मुद्दाम त्याच्यापाशी अंथरुणावर ठेवून आत गेले. परत येऊन पाहते तर हा भिंतीला टेकून दूर उभा. "मला भीती वाटते आई," म्हणाला. एवढा चौदा मजली इमारतीच्या लिफ्टखाली आडवा होऊन काम करणारा माणूस. भीती कसली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विहीणबाई मांडीवर बाळ घेऊन नाळेकडे बघत बसतात. तासन् तास. आज म्हणाल्या, "एवढंसंच राहिलं." मी म्हटलं, "हो ना, अजून दोन-चार दिवस." त्यावर त्यांनी बाळाचं झबलं खाली ओढलं आणि बटण शोधायला लागल्या. झबल्याला बटणंच नाहीत, बंद आहेत, त्यांनीच शिवलेत.


ता. १०, सोमवार

डाग सापडला. सकाळचा लंगोट धुवायला घेतला तर वरच्या काठाला रुपयाएवढा तेलकट गोल. पाणी त्यावर टिकेना. दुसरं कुणी असतं तर दुधाचा डाग म्हणून सोडून दिला असता. मी तेलाच्या डागाला फसणार? त्यावर खडूची पूड टाकली, कागद ठेवून इस्त्री फिरवली, कागदावर तेल उतरलं. विहीणबाईंच्या तेलाचा डाग पिवळट पडतो, हा तसा पिवळट नव्हता, आणि याला थोडा गोडसर वास होता. पण दुसरी बाटली आणली असेल त्यांनी. बाजारात काय तेलाला तोटा आहे?

तडक जाऊन कागद त्यांच्यापुढे धरला. "हे काय?"

त्यांनी कागद पाहिला. मुलगा तिथेच बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुकलं," म्हणाल्या. "मीच लावलं."

मुलगा कामावर निघून गेला. ना सासूची बाजू घेतली, ना आईची.


ता. ११, मंगळवार

आज पुन्हा डाग. पुन्हा तोच गोडसर वास. नाळ वरून काळी पडलीय, पण बुडाशी ओलसर आहे. आतापर्यंत ती खडखडीत व्हायला हवी होती.

विहीणबाईंना मी फार बोलले. म्हटलं, तुमची लेक गेली ते दुःख मला कळतं, पण तिच्या लेकराच्या जिवाशी खेळू देणार नाही. म्हटलं, तुम्हाला इथे वर्चस्व गाजवायचंय. हेही म्हटलं की तुम्हाला बाळ उचलून आपल्या घरी न्यायचंय, मला सगळं दिसतं. ही भीती मला त्या आल्या त्या दिवसापासून आहे. त्यांचं वय माझ्याहून कमी, घरात सून, दोन माणसं हाताखाली. उद्या मुलगा म्हणाला की बाळ तिकडेच बरं, तर मी काय करणार आहे? माझ्याकडे हे दोन खोल्यांचं घर आणि खाली वाफेची मशीन.

त्यांनी शिवण आवरलं. टोपली भरली. बाळाच्या कपाळाला ओठ लावले. जिन्यात थांबून म्हणाल्या, "पहाटे बाळापाशी तुम्हीच बसत जा." मी म्हटलं, आता तुम्ही मला शिकवू नका.

जाताना त्यांनी कठडा धरला होता. नेहमी धरत नाहीत.


ता. १३, गुरुवार

घर शांत आहे. शांत म्हणजे बाईसाहेब सोडून. विहीणबाई होत्या तेव्हा त्यांचा पदोपदी राग यायचा, आता बाळ एका हातावर आणि उकळतं पातेलं दुसऱ्या हातात अशी कसरत करताना त्यांचीच आठवण येते. दुकान इस्त्रीवालीवर टाकलंय. तिने कुणाच्या तरी लग्नाच्या कोटाची बाही भाजली म्हणे. भाजू दे.

लंगोटावर आज परत तेल होतं.

विहीणबाईंना जाऊन दोन दिवस झाले.

मी लंगोट नाकाशी धरला. वास ओळखीचा आहे. हे कापड सुनेच्याच जुन्या कपड्यांचं, त्यात तिच्या केसांच्या तेलाचा वास राहिला असेल. जुन्या सुती कपड्यात वास मुरून बसतो, धुतला तरी जात नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. तसंच असणार. तेलाचा गोल ताजा होता हे मात्र खरं.


ता. १४, शुक्रवार

पहाटे रोजच्यासारखं बाळाला दूध पाजून निजवलं आणि बाहेरच्या खोलीत पडले, झोप लागेना. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले होते, परतताना बाळाच्या खोलीचं दार जरासं उघडं दिसलं.

मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला होता. बाळ त्याच्या मांडीवर. बाजूला सुनेची केसांच्या तेलाची बाटली, झाकण काढलेली. करंगळीच्या टोकाला तेल घेऊन तो नाळेला लावत होता. एवढ्या हळू की मी कधी त्याला काही एवढ्या हळू करताना पाहिलेलं नाही. मग दुसऱ्या हाताचं बोट बाळाच्या मुठीत दिलं. तिने ते पकडलं.

तो म्हणत होता, "एवढंच राहिलंय तुझ्या आईचं. हे तिचंच आहे ना? तिच्या अंगातलं. एवढं राहू दे. मग बघू." आणि मग म्हणाला, "तुझी आई फार बडबडी होती. मी सांगीन तुला सगळं." आणि सांगायलाच लागला. पहिल्यांदा भेटल्या दिवशी ती लिफ्टमध्ये अडकली होती, आणि याने वरून दार उघडलं तेव्हा ती आत निवांत सफरचंद खात बसली होती.

मी पुढे पाऊल टाकलं. बाटली हिसकावून घ्यायला हात उचललेलाही होता. मग थांबले. ज्याला दहा-बारा दिवस मी गळ घालतेय की अरे तिला एकदा हातात घे, तो तिला घेऊन बसला होता, बोलत होता, आणि ती त्याचं बोट सोडत नव्हती. आता आत जाऊन मी "तेल लावू नकोस" म्हटलं तर तो तिला खाली ठेवील आणि परत उचलणार नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचे वडीलही तसेच, हातातलं एकदा खाली ठेवलं की परत उचलायचे नाहीत.

मी आवाज न करता मागे फिरले.

तो कामावर गेल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ कापड बुडवून नाळ पुसून काढली, दुसऱ्या कापडाने कोरडी केली. रोज असं पुसलं तर चालेल. एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, आपोआप पडेल.

विहीणबाईंना मी काय काय बोलले ते सगळं आठवलं. त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी त्यांनी माझं ऐकून घेतलं. फोन करायला हवा. उद्या करीन.


ता. १६, रविवार

मुलाने दाढी केली. मी चहा जरा जास्त गोड केला. दुपारी त्याने माझ्यासमोर बाळाला उचललं. "आई, हिला उचकी लागली की हिचे कान हलतात, पाहिलंस?" म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं ऐकून मला आत जावं लागलं.

हा मुलगा परत माणसात येतोय. एवढ्याशा तेलाने काय होणार आहे? मी मागून पुसतेच आहे.

नाळ अजून बुडाशी ओली. बेंबीभोवती थोडं लाल दिसतं. लंगोट घासला असेल. सिस्टरचा नंबर काढून ठेवलाय. तिला फोन केला तर ती विचारणार, काय लावलं म्हणून. उद्या सकाळी बघते आणि ठरवते.

विहीणबाईंना फोन केला नाही. काय तोंडाने करू?


ता. १७, सोमवार, दुपार

दूध घेत नाही. बाटली तोंडात धरते आणि सोडून देते. रडतही नाही. बाईसाहेबांचा आवाज बंद आहे, इस्त्रीवाली वर येऊन विचारून गेली की झोपलीय का.

लाल गोल वाढलाय. पोटाला हात लावला तर तव्यासारखं गरम. वास येतोय, आणि तो तिच्या आईच्या तेलाचा नाही.

मुलाला फोन केला. टॅक्सी बोलावलीय.


ता. १८, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये. काचेच्या खोलीत ठेवलंय, हाताला सुई. एवढासा हात, त्याला सुई टोचायला जागा मिळेना, तीन जणींनी प्रयत्न केला. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, कारण हातांना दुसरं काही काम नाही.

काल डॉक्टर बाईंनी बेंबी पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "कुणी काय लावलं हिला?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तो आपल्या बोटांकडे बघत होता. ते मी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी. तेल लावत होते. वरून पावडर चोळत होते. आणि पोटाला पट्टा बांधत होते, कसून."

डॉक्टर बाई माझ्या मुलाच्या वयाच्या असतील. सगळ्यांसमोर त्यांनी माझी हजेरी घेतली. घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं की नाही? ओल धरली, जंतू आत शिरले, आता ते रक्तात गेले असतील तर आम्ही काय करायचं? तुम्हाला कळत नाही का? मी म्हटलं, कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी असं म्हटलं असेन.

नंतर बाहेर मुलगा माझ्याजवळ आला. "आई, पहाटे मी पण थोडं तेल…"

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तुझं ते बोटभर तेल मी रोज पुसून काढत होते. त्याने काही झालेलं नाही. पावडरीने घात केला, आणि पट्ट्याने. माझी आई बांधायची म्हणून मी बांधला."

पावडर घरात नाही. पट्टा कधी बांधलेला नाही. माझ्या आईने तर मला कधी कसला पट्टा बांधला असेल असं वाटत नाही, तिला सहा मुलं होती, वेळ कुठे होता?

त्याने बोटं शर्टाला पुसली. मग म्हणाला, "सिस्टरने सांगूनसुद्धा?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "त्यांना घालवून दिलंस तेलासाठी. आणि स्वतः…"  पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

का केलं हे लिहून ठेवते, कारण उद्या मलाच शंका येईल. त्याने बायको गमावली. आता आपल्याच हाताने मुलीला मारलं, किंवा मारता मारता राहिलं, असं त्याच्या मनात बसलं तर ती जगली तरी तो तिला जन्मभर हात लावणार नाही. दुरून बघत उभा राहील. आईविना पोर आणि बाप असून नसल्यासारखा. माझ्यावर राग धरला तर फार तर माझ्याशी बोलणार नाही. मी त्याची आई आहे, मला सवय होईल.

आणि खोटं तरी कुठे बोलले? दार उघडं होतं आणि मी बघत होते. त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. रोज ओल्या कापडाने पुसत होते तेही कदाचित वाईटच झालं असेल. दोष माझाच आहे, फक्त पावडर खोटी आहे.


ता. २०, गुरुवार

ताप आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत. "बघू," म्हणतात.

विहीणबाई आल्या. मुलानेच कळवलं असणार. काचेतून बाळाला पाहिलं आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसल्या. मी उभी राहिले, हात जोडले, म्हटलं माझं चुकलं. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"पावडर? तुम्ही?" त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या घरात पावडरचा डबा असेल तर दाखवा मला."

मी काचेकडे वळले.

"मी आले त्याच्या चौथ्या का पाचव्या पहाटे त्याला पाहिलं होतं मी. तिच्या तेलाची बाटली घेऊन बसला होता."

"मग मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला नको नको ते बोलले."

"काय सांगणार? तुम्ही त्याला ओरडला असता. मग त्याने पोरीला परत हात लावला असता का?"

 दोघींनी एकाच दारात उभं राहून, एकच विचार करून, एकच चूक केली आम्ही. त्यांनी माझ्या शिव्या खाल्ल्या आणि मी त्यांना घराबाहेर काढलं, आणि त्या पहाटेच्या वेळी त्याला थांबवलं मात्र कुणीच नाही.

"मलाही वाटायचं हो," विहीणबाई म्हणाल्या. "पडूच नये. माझ्या पोटातून तिची नाळ आली, तिच्या पोटातून हिची. एवढा तुकडा तरी तिचा दिसतोय ना डोळ्यांना. पण मी दोन मुलांची आई. पडायलाच हवी हे कळत होतं मला. त्याला कुणी सांगायचं?"

मग त्या रडल्या. आणि मीही. ठरवलेलं सगळं धाब्यावर बसवलं. माझी सून मला फार आवडायची. ती दुकानात माझ्याशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची आणि मी रागावले की आणखी मोठ्याने वाचायची. सातव्या महिन्यात तिने मला विचारलं होतं, "आई, मला जमेल ना हो?" मी म्हटलं होतं, न जमायला काय झालं, मी आहे ना. हे वाक्य मला रोज आठवतं. मी आहे ना.

विहीणबाईंकडून वचन घेतलं. मुलाला सांगायचं नाही. त्या तयार नव्हत्या. "तो तुमचं तोंड बघणार नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, त्याने तिचं बघितलं की झालं.


ता. २३, रविवार

ताप उतरला. काल दूध घेतलं, आज जास्त घेतलं. दुपारी काचेतून तिचं तोंड उघडं दिसलं, आवाज ऐकू येत नाही पण ओरडतेय हे कळतं. मी बाकावरच डोळे मिटून बसले.

नाळ आज पडली. कपडे बदलताना सिस्टरच्या हातात आली, तिने कापसात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिचं काही चुकलं नाही, रोजचं काम आहे. मुलाने विचारलं, कुठे आहे? तिने डब्याकडे बोट दाखवलं. त्या डब्यावर पाय ठेवला की झाकण उघडतं. तो डब्यासमोर उभा राहिला, पण पाय ठेवला नाही. मला वाटलं आता हा कोसळणार. विहीणबाई उठायला लागल्या. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "बाबा, उभे काय राहिलात? हात धुवा आणि हिला घ्या, दुधाची वेळ झाली." बाबा म्हणाली ती त्याला. तो गेला, कोपरापर्यंत हात धुतले, आणि घेतलं.

मी पण आत जायला निघाले. त्याने दारातच अडवलं. "तू नको हात लावूस तिला," म्हणाला. मोठ्याने नाही, पण सिस्टरने ऐकलं.

मी बाहेर बसले.


ता. २८, शुक्रवार

आज सोडलं. डॉक्टर बाईंनी कागदावर औषधं लिहिली, मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "घरी काळजी कोण घेणार आहे? या आजी?" तो म्हणाला, नाही. "बाळ सासूबाईंकडे राहील, आणि मीही तिथेच राहीन." हे त्याने मला आधी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बरं होईल."

ज्याची मला भीती वाटत होती तेच झालं. आणि विहीणबाईंनी काहीच केलं नाही त्यासाठी. त्या तर मान खाली घालून उभ्या होत्या. माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "अजून सांगते मी त्याला. आत्ता सांगते." मी त्यांचा हात दाबला. त्यांनी मला शब्द दिलाय.

म्हटलं, आठवड्याला एकदा येईन बघायला, दुरूनच. मुलाने औषधांचा कागद घडी करून खिशात ठेवला. तो माझ्याकडे बघत नाही. त्या कचऱ्याच्या डब्याच्या दिवसापासून एकदाही पाहिलेलं नाही, नजर गेली तरी पटकन वळवतो. राग असेल. असू दे.

सामान मी टॅक्सीपर्यंत नेलं. विहीणबाईंनी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तो म्हणाला, "नको, मीच घेतो." एक हात मानेखाली, एक हात पाठीखाली, छातीशी धरलं होतं, अगदी बरोबर, कुणी शिकवलं नव्हतं तरी. टॅक्सीत बसताना वाकता वाकता त्याने स्वतःचं डोकं आपटून घेतलं पण तिला लागू दिलं नाही. ती ओरडत होती. तो तिला काहीतरी सांगत होता, बहुतेक त्या लिफ्टची गोष्ट. काच वर गेली, आणि टॅक्सी वळेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.